उन्हाळा आहे म्हणून टायरची हवा कमी करू नका

मे महिन्यात समृद्धी महामार्गाने जायचं होतं म्हणून निघताना पंपावर हवा चेक करायला थांबलो. मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाला म्हटलं, "दादा, चारही चाकांत तेहतीस." त्याने गाडीत बसलेल्या घरच्यांकडे पाहिलं आणि काळजीने म्हणाला, "साहेब, लांब चाललाय ना? ऊन बघा, खाली काँक्रीट. अठ्ठावीसच ठेवा. हवा गरम होऊन फुगते आणि टायर फुटतो." मागच्या गाडीवाल्यानेही मान डोलावली. दोघांचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण तो सल्ला पाळला असता तर ज्या संकटाची त्यांना भीती वाटत होती, तेच आम्ही सोबत घेऊन निघालो असतो.

हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. अनुभवी ड्रायव्हर सांगतात, गॅरेजवाले सांगतात, घरातले मोठे सांगतात. ऐकायला तो पटतोही, कारण गरम हवा फुगते हे आपण शाळेत शिकलेलो असतो. त्यामुळे तो कुठे चुकतो, हे जरा मुळापासून समजून घ्यायला हवं.

आधी तेहतीस म्हणजे काय ते पाहू. हा आकडा पीएसआयचा, म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंड दाब, त्याचा. आपल्या मापात सांगायचं तर ३३ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलोचा दाब. आता माणसं बसलेली एक लहान गाडी घ्या, एकूण वजन १,३०० किलो. एका चाकावर आले ३२५ किलो. हे वजन मुख्यतः आतली हवा पेलते, रबराचा वाटा त्यात थोडाच. ३२५ला २.३ने भागलं की १४० चौरस सेंटिमीटर येतात. एवढाच भाग प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला असतो. आपलं पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचं, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. पोस्टकार्डापेक्षा किंचित मोठे असे चार तुकडे, त्यावर अख्खं कुटुंब ताशी शंभरच्या वेगाने जात असतं. ब्रेक लागतो तो त्या चार तुकड्यांवर, आणि वळणावर गाडी रस्ता धरून राहते तीही त्यांच्याच जोरावर.

हवा ३३ वरून २५ वर आली की काय होतं? वजन तेवढंच राहतं. दाब कमी झाला, म्हणून ते पेलायला जास्त जागा टेकवावी लागते. तोच भागाकार केला तर १८५ चौरस सेंटिमीटरच्या आसपास आकडा येतो. ही जादाची जागा मिळवायला टायर खाली बसतो आणि त्याची बाजू फुगून बाहेर येते. उभ्या गाडीत याने काही बिघडत नाही. बिघडतं ते चाक फिरायला लागल्यावर.

१८५/६५ आर १५ हे आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना असणारं माप. या टायरचा एक फेरा म्हणजे १.९५ मीटर. ताशी १०० किलोमीटरच्या वेगाला चाक सेकंदाला १४ वेळा फिरतं. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, त्या वेगाला १७ वेळा. टायरचा प्रत्येक भाग दर फेऱ्यात एकदा खाली येतो, दबतो, वाकतो आणि वर जाताना पुन्हा सरळ होतो. शंभर किलोमीटरच्या प्रवासात असं ५१ हजारांहून अधिक वेळा होतं.

लहानपणी पक्कड मिळाली नाही की आपण तार वाकवून वाकवून तोडायचो. चार-पाच वेळा मागेपुढे केली की तुटायच्या आधी वाकलेली जागा बोटाला चटका देण्याइतकी गरम लागायची. त्या तारेला कोणी ऊन दाखवलेलं नसायचं. ती उष्णता वाकण्यातूनच आलेली असायची. टायरमध्येही हेच घडतं. रबर वाकताना जेवढी ऊर्जा घेतं तेवढी सगळी सरळ होताना परत देत नाही, उरलेली उष्णता बनून आतच राहते. हवा कमी, तर वाकणं जास्त. वाकणं जास्त, तर उष्णता जास्त. वेग वाढला की ती उष्णता बाहेर पडायलाही वेळ मिळत नाही. रबराच्या आत दोऱ्यांचे आणि पोलादी तारांचे थर चिकटवलेले असतात. तापून तापून त्यांची पकड सुटते, थर एकमेकांपासून वेगळे होतात आणि मग एका क्षणी टायर फाटतो.

आता दुसऱ्या बाजूने बघू. हवा तापल्याने दाब वाढतो हे खरंच आहे, पण किती वाढतो? ३३ पीएसआयच्या आसपास, तापमान १० अंशांनी वाढलं की दाब सुमारे दीड पीएसआयने वाढतो. मी स्वतः मोजून पाहिलं आहे. सकाळी घराखाली ३३ असलेला टायर हायवेवर तासभर गेल्यावर ३७-३८ दाखवतो. पंपावरच्या दादांना हेच वाढणं भीतीदायक वाटत होतं. पण याच टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत कमाल दाब छापलेला असतो, बहुधा ४४ किंवा ५१ पीएसआय. धड असलेला टायर फुटायची मर्यादा त्याच्याही बरीच वर असते. शिवाय गाडी बनवणाऱ्याने ३३ हा आकडा ठरवताना ही चार-पाच पीएसआयची वाढ हिशेबात धरलेली असते. म्हणून तर सगळीकडे 'थंड टायरचा दाब' असं लिहिलेलं असतं.

थोडक्यात, ३८ ला धडधाकट टायर फुटत नाही, पण २५ ला ताशी १२० ने पळवलेला टायर फाटू शकतो. उन्हाळ्यात, भरलेल्या गाडीने, काँक्रीटवरून लांब जायचं असेल तर तेव्हाच हवा पुरती असण्याची गरज सगळ्यात जास्त असते. काँक्रीट तापतं हे खरं, विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी हवेतच ४४-४५ अंश असतात हेही खरं. हा ताप टायरला चुकत नाही. म्हणूनच त्यात कमी हवेच्या वाकण्याचा ताप आपल्या हाताने मिसळायचा नसतो.

कमी हवेची किंमत काय असते, हे अमेरिकेने २००० साली पाहिलं. त्या ऑगस्टमध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर या उंच गाडीला बसवलेले होते. भर वेगात टायरचा वरचा थर सोलून निघायचा आणि गाडी उलटायची. अडीचशेहून अधिक माणसं गेली. टायरच्या बनावटीतले दोष त्यात होतेच, आणि दोन्ही कंपन्यांमध्ये दोष कोणाचा यावर मोठा वाद झाला. पण वादाच्या मध्यभागी एक आकडा होता. फोर्डने त्या गाडीसाठी २६ पीएसआय सांगितले होते आणि टायर परत मागवल्यानंतर फायरस्टोन ३० ठेवा म्हणत होती. कमी हवा, उष्ण राज्यं, भरलेली गाडी आणि लांबचा वेगवान प्रवास या गोष्टी त्या अपघातांत पुन्हा पुन्हा एकत्र आलेल्या दिसल्या. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि २००७ च्या सप्टेंबरपासून प्रत्येक नव्या कारमध्ये हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लागण्याची सोय सक्तीची झाली.

मग आपल्या गाडीचा आकडा कुठून घ्यायचा? ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर, खालच्या बाजूला एक स्टिकर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो, आणि मॅन्युअलमध्ये तर असतोच. बरेच जण टायरवर छापलेला ४४ किंवा ५१ हा आकडा वाचून तेवढी हवा मारतात. ते चूक आहे. ती टायरची वरची मर्यादा झाली. एकच टायर चार वेगवेगळ्या गाड्यांना बसतो, त्याला तुमच्या गाडीचं वजन कसं माहीत असणार? आकडा ठरतो गाडीवरून.

स्टिकरवर बहुतेकदा दोन ओळी असतात. एक दोन-तीन माणसांसाठी, दुसरी गाडी पूर्ण भरलेली असतानाची. दुसऱ्या ओळीत मागच्या चाकांचा आकडा जास्त असतो. ही दुसरी ओळ फारसं कोणी वाचत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. गणपतीला कोकणात निघताना गाडीत पाच माणसं, डिकीत बॅगा, तांदूळ, सजावटीचं सामान आणि वर कॅरिअरला आणखी काही. तो सगळा भार मुख्यतः मागच्या दोन चाकांवर जातो. त्या दिवशी ती दुसरी ओळ वाचायची असते. परत आल्यावर हवा पुन्हा नेहमीच्या आकड्यावर आणायची.

आता मोजायचं कसं. टायर थंड असायला हवा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी हवी किंवा जेमतेम दीड-दोन किलोमीटर चाललेली. सकाळची वेळ उत्तम. उन्हात उभ्या गाडीत गंमत अशी होते की ज्या बाजूला ऊन लागतं तिकडचे टायर सावलीतल्यांपेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतात. ते पाहून कोणी तिकडची हवा काढली तर संध्याकाळी ती बाजू कमी पडते.

पण अडचण इथेच आहे. पंप घरापासून पाच-सहा किलोमीटरवर असेल तर तिथे पोहोचेपर्यंत टायर तापलेला असतो. यावर एकच चांगला उपाय मला सापडला आहे. हवा मोजायचं स्वतःचं मीटर घ्या. साधं डिजिटल मीटर काही शे रुपयांत मिळतं. समजा, सकाळी घराखाली मोजलं आणि पुढचा डावा २७ निघाला. असायला हवेत ३३. म्हणजे सहा कमी. हे कागदावर लिहा. पंपावर पोहोचल्यावर तोच टायर २९ किंवा ३० दाखवेल, तेव्हा फसायचं नाही. तो ३० दाखवत असेल तर त्यात सहा मिळवून ३६ करून घ्यायचे. पंपावरचा माणूस म्हणेल, साहेब जास्त होतंय. त्याला सांगा, चालेल, टायर गरम आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजाल तेव्हा ३३ च्या आसपास दिसेल. फरक पडलाच तर अर्ध्या-एक पीएसआयचा. तो घरी सहज काढून टाकता येतो, कमी असलेली हवा मात्र घरी भरता येत नाही.

याचाच उलटा नियम: लांबच्या प्रवासात मध्येच थांबून, गरम टायर ३८ दाखवतोय म्हणून हवा काढून तो ३३ वर आणू नका. थंड झाल्यावर तो टायर २८ वर येईल आणि पुढचा सगळा प्रवास कमी हवेवर होईल.

मीटर लावताना व्हॉल्व्हवर सरळ आणि घट्ट दाबा. फुस्स आवाज आला तर ते तिरकं बसलं आहे, पुन्हा लावा. दोनदा मोजा. काम झालं की व्हॉल्व्हचं टोपण परत लावायला विसरू नका. दोन रुपयांचं ते टोपण नसेल तर व्हॉल्व्हच्या पिनेत धूळ आणि चिखल जातो आणि हवा थेंबाथेंबाने गळावी तशी निघत राहते. शंका आली तर पंक्चरवाले जे करतात तेच करा, व्हॉल्व्हच्या तोंडाला साबणाच्या पाण्याचं बोट लावा. बुडबुडा फुगला तर पिन बदलायची वेळ झाली.

पंपावरच्या मशीनवर भरवसा ठेवावा का? ठेवावा, पण आपल्या मीटरने पडताळून. दिवसभर शेकडो लोक ती नळी ओढतात, जमिनीवर टाकतात, त्यावरून गाड्या जातात. मी एकाच सकाळी दोन ठिकाणी मोजून चार पीएसआयचा फरक पाहिला आहे. स्वतःचं मीटर एखाद-दुसऱ्या पीएसआयने चुकत असलं तरी ते दर वेळी तेवढंच चुकतं, त्यामुळे हवा कमी होतेय की नाही ते नक्की कळतं.

आणि डोळ्यांवर तर अजिबात विसंबू नका. आजचे रेडियल टायर व्यवस्थित हवा असतानाही खाली थोडे फुगलेले दिसतात. २५ आणि ३३ शेजारी शेजारी ठेवले तरी नजरेला फरक कळत नाही. लाथ मारून बघण्यातून काहीच कळत नाही. टायर बसलेला दिसायला लागतो तेव्हा तो निम्म्यावर आलेला असतो.

किती दिवसांनी बघायचं? काहीही न होता टायरमधून महिन्याला एक-दोन पीएसआय निघून जातात, कारण रबरातून हवा झिरपते. म्हणून पंधरा दिवसांनी एकदा, फार तर महिन्याने, आणि लांबच्या प्रवासाआधी नक्की. हे आकडे एखाद्या डायरीत लिहून ठेवले तर आणखी एक फायदा होतो. तीन टायर ३१ आणि चौथा २६ असेल तर तो झिरपण्याचा प्रकार नसतो. त्यात खिळा आहे, व्हॉल्व्ह गेलाय किंवा रिमच्या कडेला गळती आहे. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसून तसाच आठवडे राहतो, हवा इतकी हळू जाते. दर वेळी भरून पुढे जाण्याऐवजी तो शोधून काढा.

जास्त हवाही बरी नाही, हेही सांगायला हवं. ४२ वगैरे भरली की टायर मधूनच टेकतो, मधली नक्षी आधी झिजते, पकड कमी होते. खड्ड्यात आदळल्यावर दणका थेट बसतो. कमी हवेत दोन्ही कडा झिजतात, आणि खड्ड्याच्या धारेवर टायरची बाजू रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिमटली जाते. आतले दोरे तुटतात आणि बाजूला लिंबाएवढी गाठ येते. अशी गाठ आली की तो टायर दुरुस्त होत नाही. गॅरेजमध्ये कोणी 'चालेल अजून महिनाभर' म्हणालं तरी बदला.

पावसाळ्यात कमी हवेचा दुसरा धोका पुढे येतो. रस्त्यावर पाणी साचलं असताना टायरने ते बाजूला ढकलून खालचा रस्ता गाठायचा असतो. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की पाणी टायरला उचलतं आणि गाडी पाण्यावर तरंगते. स्टीअरिंग एकदम हलकं लागतं, ब्रेक कामाचा राहत नाही. १९६० च्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरवर प्रयोग करून दाखवलं की ही मर्यादा टायरच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरते. त्यांच्या सूत्रात ३३ पीएसआय घातले तर ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास वेग येतो, २५ घातले तर ८३. कारचा टायर विमानापेक्षा वेगळा, नक्षी किती उरली आहे यावरही खूप अवलंबून, त्यामुळे हे आकडे तंतोतंत धरू नका. दिशा मात्र तीच: हवा कमी असेल तर गाडी आधी तरंगते. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेली चालत नाही. खाचांमध्ये मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला.

नायट्रोजनविषयी लोक हमखास विचारतात. आपण श्वास घेतो त्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि रबरातून किंचित हळू झिरपतो, एवढाच त्याचा फायदा. तो तापल्यावर फुगत नाही हे खरं नाही. त्याचा दाब साध्या हवेइतकाच वाढतो. हिरव्या टोपणाच्या, म्हणजे नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये हवा कमी असेल आणि जवळ नायट्रोजन नसेल तर निःशंक साधी हवा भरा. 'मिसळायचं नसतं' म्हणून कमी हवेवर गाडी चालवणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

नव्या गाड्यांत हवेचा दिवा असतो, घोड्याच्या नालेसारखं चिन्ह आणि आत उद्गारचिन्ह. तो असला तरी मीटर ठेवा. अमेरिकी नियमात तो दिवा सांगितलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर लागला तरी चालतो, म्हणजे ३३ च्या जागी २५ होईपर्यंत. काही गाड्यांत तर आत दाब मोजणारं काही नसतंच. एक चाक इतरांपेक्षा वेगाने फिरतंय का, यावरून गाडी अंदाज बांधते, आणि चारही चाकं सारखी कमी झाली तर तो अंदाज चुकू शकतो. हवा भरल्यावर अशा गाड्यांत रीसेटचं बटण दाबावं लागतं.

टायरचं वयही पाहा. बाजूवर डीओटी या अक्षरांपुढच्या कोडमध्ये शेवटचे चार अंक असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. गाडी कमी चालते म्हणून नक्षी छान असते, पण रबर वाळून बारीक तडे गेलेले असतात. अशा टायरला योग्य हवासुद्धा फार काळ वाचवू शकत नाही.

आणि इतकं सगळं करूनही टायर गेलाच तर पहिल्या दोन सेकंदांत ब्रेकवर पाय जोरात मारू नका. स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, गाडी आपोआप मंदावू द्या आणि मग कडेला घ्या.

मग डिकी उघडून स्टेपनी काढायची. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ साली तिथे जादा चाक विकायला सुरुवात झाली आणि इंग्रजीतून तो शब्द जवळजवळ गेला तरी आपल्याकडे टिकला. चाक टिकलं, त्यातली हवा मात्र कोणी बघत नाही. महिन्याला एक-दीड पीएसआय धरा, दोन वर्षांत तिच्यात फारसं काही उरत नाही. म्हणून चार टायर मोजताना पाचवाही मोजा आणि त्यात स्टिकरवरचा सगळ्यात मोठा आकडा ठेवा, कारण ती पुढे लागेल की मागे, गाडी रिकामी असेल की भरलेली, हे आधी कळत नाही. स्टेपनी इतर चाकांपेक्षा बारीक असेल तर तिचा आकडा वेगळा असतो, बऱ्याचदा ६० पीएसआय, आणि ती लावून ८० च्या वर जायचं नसतं. ते तिच्यावरच लिहिलेलं असतं. आज संध्याकाळी डिकीतलं सामान बाजूला करून, मॅट उचलून एकदा मीटर लावून बघा.